हौसेची मोटार, बेताचा पैसा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनी बोलावयाचे म्हणजे विषय भारदस्त हवा, अशी आपली समजूत असते. आहार, आरोग्य, मुलांचा अभ्यास, घरखर्चातील काटकसर यांवर या व्यासपीठावरून चांगली चांगली भाषणे झाली आहेत. म्हणून चिटणीसबाईंनी ‘यंदा तुम्ही मोटारीवर बोला’ असे सांगितले तेव्हा मी जरा बिचकलेच. परंतु त्यांनी दिलेले कारण मला पटले. त्या म्हणाल्या, ‘आपल्या पेण-रोह्याकडे स्कूटर चालविणाऱ्या बायका आता घरोघर आहेत. मोटार चालविणाऱ्याही पुष्कळ झाल्या. पण मोटार निवडायची वेळ आली की पुरुषमंडळी निवडतात आणि आपल्याला विचारतात, रंग कोणता घेऊ?’

तेव्हा आज रंगाखेरीज बाकीचे सगळे बोलू या.

विषय नेमका सांगते. नवी कोरी मोटार घेण्याइतका पैसा हाताशी नाही, परंतु गाडी चालविण्याची मनापासून आवड आहे, अशा बाईने जुन्या बाजारातून कोणती मोटार घ्यावी आणि ती कशी पारखावी, एवढाच हा विषय. ‘आवड’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. भाजी आणायला, मुलांना शिकवणीला सोडायला, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला बाईने गाडी चालविली तर घरात कोणी नाही म्हणत नाही. पण ‘मला चालवायला आवडते’ असे ती म्हणाली की भुवया वर जातात. गाण्याची हौस, रांगोळीची हौस, मोत्याच्या नथीची हौस आपण समजून घेतो. नथीला कोणी ‘ॲव्हरेज किती देते’ असे विचारीत नाही. गाडीची हौसही त्याच मानाची आहे. मात्र हौस बेताच्या पैशात भागवायची, तर डोळे उघडे ठेवावे लागतात.

माझे माहेर पेणचे आणि वडिलांचे तिथे लहानसे गॅरेज होते. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या फियाट आणि अँबॅसिडर दुरुस्तीला येत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी ती फियाट, जिला पुढे पद्मिनी म्हणू लागले, तिचा गियर स्टिअरिंगच्या दांड्याला असे. मी गाडी शिकले ती तिच्यावरच. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती कित्येक वर्षे फिरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथूनही निवृत्त झाली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० तिच्या मालकाच्या हाती पडली, आणि काही वर्षांतच तशी एक आमच्या गॅरेजाच्या दारात येऊन उभी राहिली. जुनी गिऱ्हाइके तिला पत्र्याचा डबा म्हणत. वडिलांनी ती वडखळपर्यंत चालवून आणली आणि म्हणाले, ‘डबा खरा, पण हातात खेळतो.’

भगिनींनो, चालवायला मजा येणाऱ्या गाडीची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. हातात खेळली पाहिजे. ती कशाने खेळते? पहिले, वजनाने. मारुती ८०० चे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होते, अँबॅसिडरच्या मानाने जवळजवळ निम्मे. हलकी गाडी लवकर वळते, लवकर थांबते आणि लहान इंजिनानेही उत्साहाने पुढे जाते. दुसरे, स्टिअरिंग. चाकाखाली खडी आहे की डांबर, हे हाताला थोडे तरी कळले पाहिजे. तिसरे, गियर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा लोण्यातून सुरी जावी तसा सरकला पाहिजे. चौथे, बसण्याची जागा. आपल्यांतल्या पुष्कळजणींची उंची पाच फुटांच्या आसपास. क्लच पूर्ण दाबण्यासाठी पुढे सरकावे लागले आणि मग चाक छातीला टेकू लागले, तर ती गाडी कितीही नावाजलेली असो, आपली नव्हे.

यात मी वेग धरला नाही हे आपल्या लक्षात आले असेल. नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याला येताना ताशी ४० च्या वेगाने, दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर, एकेक वळण नीट घेत उतरण्यात फार आनंद आहे. मोठ्या इंजिनाची जड गाडी त्याच रस्त्यावर कंटाळून चालते, कारण तिची ताकद वापरायला तिथे जागाच नसते. आपल्या रस्त्यांवर लहान गाडी पुरेपूर वापरता येते. म्हणजे आपल्या हौसेला लागणारी गाडी बाजारात स्वस्तांतच मोडते, ही आपल्या दृष्टीने सोयीची गोष्ट.

आता एक प्रत्यक्ष घडलेली हकिगत सांगते. आमच्या शेजारच्या सूनबाई पेणला एका शाळेत शिकवितात. माहेर रोह्याचे, तिथे त्यांची आई एकटी राहते. दर शनिवार-रविवारी रोह्याला जाणे-येणे, आणि मध्येच कधी आईची तब्येत बिघडली तर रात्री-अपरात्री निघणे. दिवसा रेल्वे आहे, एस.टी. आहे, रात्री अकरा वाजता फोन आला तर कोणाकडे गाडी मागायची, हा प्रश्न. शिवाय चालविण्याची तिला विलक्षण आवड. पगारातून आणि भिशीतून साठविलेले चार लाख रुपये घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘काकू, घरात प्रत्येकजण वेगळी गाडी सांगतो. तुम्ही माझ्याबरोबर चला.’

घरच्यांचे म्हणणे वेडगळ मुळीच नव्हते. सासरे म्हणत होते, जुन्याची कटकट नको, कर्ज काढून लहानशी नवीच घे. दीर म्हणत होते, रस्ते असे आहेत, उंच चाकांची डिझेलची जीपगाडी घे. यजमान म्हणत होते, क्लचचा त्रास कशाला, ऑटोमॅटिक घे. आम्ही बसून एकेकाचा विचार केला. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत वेगाने उतरते आणि त्यावर व्याजही भरावे लागते. ती उतरण दुसऱ्या कोणी सोसलेली गाडी आपण घेतली तर तेवढेच पैसे चांगल्या प्रतीच्या गाडीत जातात. उंच जीपगाडी खड्ड्यांना चांगली, परंतु जड आणि वळणावर डुलणारी. तिचे टायर आणि दुरुस्तीही महाग. सूनबाईंचे धावणे महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटरचे. एवढ्याशा धावेला डिझेलची बचत हाती लागत नाही. आणि ऑटोमॅटिकबद्दल ती स्वतःच म्हणाली, ‘गियर बदलायचा नसेल तर मी चालवू काय?’ तेव्हा पेट्रोलची, हाताच्या गियरची लहान गाडी, हे ठरले.

पुढचा प्रश्न वयाचा. जुनी म्हणजे किती जुनी? माझ्या मते अशा रकमेत पाच ते नऊ वर्षांची गाडी पाहावी. त्याला एक कारण किमतीचे, दुसरे जिवाचे. सर्व नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग आणि ब्रेक अडकू न देणारी एबीएस व्यवस्था सक्तीची झाली ती २०१९ साली. शेजारच्या आसनापुढची एअरबॅग त्यानंतर दोन वर्षांनी. त्याआधीच्या गाड्यांत या वस्तू वरच्या प्रतीत असत, खालच्या प्रतीत बहुधा नसत. म्हणून २०१९ पूर्वीची गाडी पाहताना दोन एअरबॅगा आणि एबीएस आहे की नाही हे आधी विचारावे. नसेल तर पुढचे काही विचारूच नये. महामार्गावर आपल्या बाजूने कंटेनर जातात. तिथे हौस आणि जीव यांत तडजोड नको.

आता नावे घेते. हौशी मंडळी ज्या स्वस्त गाड्यांची तारीफ करतात, त्यांत मारुतीची झेन फार वरची. १९९३ ते २००६ ती निघाली. एक लिटरहून किंचित लहान ॲल्युमिनियमचे इंजिन, बसकी बांधणी. रोह्यात आम्हाला एक झेन दाखविण्यात आली. सूनबाईंनी ती चालविली आणि उतरताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण एअरबॅग नाही, सुटे भाग शोधावे लागतात, आणि पंधरा वर्षे उलटल्यावर नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, त्याचा खर्च व कर वेगळा. दुसरी गाडी घरात असेल तर रविवारच्या फेरफटक्याला झेन ठेवावी. एकुलती एक गाडी म्हणून मी ती सांगणार नाही.

स्विफ्ट २००५ साली आली आणि तिने घरगुती गाडीलाही चपळपणा असतो हे दाखविले. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, कोणताही मिस्त्री ती उघडतो. २०१८ साली आलेली तिसरी आवृत्ती तर नऊशे किलोपेक्षाही हलकी. पण त्याच वर्षी ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत तिला पाचांपैकी दोनच तारे मिळाले, हेही सांगितले पाहिजे. फोक्सवॅगनची पोलो आपल्या चाकणला २०२२ पर्यंत तयार होत होती. तिला २०१४ च्या चाचणीत दोन एअरबॅगांसह चार तारे मिळाले होते. रस्त्यावर ती बसते छान. तिचे साधे पेट्रोल इंजिन मात्र मंद, आणि टर्बो इंजिनाबरोबरचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स बिघडला तर दुरुस्तीचे बिल पाहून घाम फुटतो. रांजणगावला तयार झालेली फियाटची पुंटो स्टिअरिंगच्या बाबतीत अजोड, परंतु जड आणि आता सुटे भाग दुर्मिळ. टाटांची टियागो २०१६ पासूनची. २०२० साली चार तारे मिळविलेली, भक्कम, स्वभावाने शांत. आणि फोर्डची फिगो. २०१० साली ती आली. वळणावर जमिनीला धरून चालणारी म्हणून तिचे नाव झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात मोटारी बनविणे थांबविण्याचे जाहीर केले आणि तेव्हापासून जुन्या बाजारात तिची किंमत पडली.

इथे एक युक्तीची गोष्ट सांगते. बाजार एखाद्या गाडीची किंमत ज्या कारणाने पाडतो, ते कारण आपल्याला किती लागू पडते, हे पाहावे. कंपनी गेली म्हणून ‘पुढे विकताना पैसे येणार नाहीत’ अशी भीती असते. जिला गाडी दोन वर्षांनी विकायची आहे तिने ती भीती जरूर बाळगावी. जिला दहा वर्षे वापरायची आहे तिला पडलेली किंमत हा लाभच. फक्त घेण्यापूर्वी आपल्या मिस्त्रीला विचारावे, ‘हिचे क्लच, ब्रेक, सस्पेन्शन तुझ्याकडे होईल ना? भाग कुठून आणतोस?’ त्याने अडखळत उत्तर दिले तर ती गाडी सोडावी.

आता पारख. आपल्याकडे पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांतून हजारो मूर्ती बिनरंगाच्या कच्च्याच बाहेरगावी जातात. जाणता घेणारा कच्चीच मूर्ती पाहतो, कारण रंग चढल्यावर सांधा कुठे जुळवला, तडा कुठे बुजवला हे दिसत नाही. जुनी गाडी नेहमी रंग चढवूनच आपल्यापुढे येते. आपल्याला रंगाखालची कच्ची मूर्ती पाहावयाची असते.

त्यासाठी दिवसाच्या उजेडात जावे, पावसात किंवा धुतलेली ओली गाडी पाहू नये. बॉनेट आणि दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? आतल्या बोल्टांवर पान्याच्या खुणा किंवा नवा रंग आहे का? फ्रिजवर लावायचे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. पुट्टी भरलेल्या जागी ते धरत नाही. सगळ्या काचांवर साल छापलेले असते. एकच काच वेगळ्या सालाची असेल तर ती का बदलली हे विचारावे. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होते आणि पावसाळ्यात निसरते.

आपल्या बाजूला दोन शत्रू विशेष आहेत, खारा वारा आणि पुराचे पाणी. अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे वापरलेली गाडी खालून पाहावी. दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, सायलेन्सर इथे गंज आधी धरतो. आणि पूर तर आपण २००५ सालीही पाहिला आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणलाही. बुडालेल्या गाड्या नाहीशा होत नाहीत. त्या धुऊन-पुसून लांबच्या गावी विकायला जातात. एका शहरातल्या व्यापाऱ्याने आम्हाला अशीच एक स्विफ्ट दाखविली. काय तिची चकाकी! आत अत्तराचा घमघमाट. सूनबाईंनी सीटचा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला, तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची आडवी रेघ. डिकीत स्टेपनीखाली बारीक गाळ. व्यापारी म्हणाले, ‘ताई, कोकणात ओल असतेच.’ आम्ही म्हटले, ‘ओल असते, पण ती रेघ मारून जात नाही,’ आणि नमस्कार करून निघालो.

किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विश्वास नको. पायातल्या पेडलांचे रबर, चाकावरची झिलई, चालकाच्या सीटची कड यांवरून गाडीचे श्रम कळतात. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे क्लचचे रबर गुळगुळीत झालेले नसते. सर्व्हिसची बिले मागावीत. तारखा आणि किलोमीटर क्रमाने वाढतात का ते पाहावे. बिले जपून ठेवणारा मालक बहुधा गाडीही जपतो.

चालवून पाहण्याची वेळ सकाळची, इंजिन गार असताना. मालकाला आधीच सांगावे की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. बॉनेटला हात लावून गरम लागले तर समजून घ्यावे. सुरू करताना एकीने मागे उभे राहून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते, आणि गरम झाल्यावरही पांढरा ढग येत राहिला तर पाणी नको तिथे शिरते. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला तरी तोच संशय. मग रस्त्याला लागावे. चढावर वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडते आणि गाडी मात्र जोर घेत नाही, असे झाले तर क्लच गेला. मोकळ्या रस्त्यावर मागे-पुढे पाहून ब्रेक जोराने लावावा. गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये. गतिरोधकावरून सावकाश नेताना खडखड ऐकावी. रेडिओ बंद ठेवावा आणि विकणाऱ्याच्या गप्पाही शक्य तर बंद ठेवाव्यात. आणि ही सगळी तपासणी झाल्यावर पाच मिनिटे नुसती चालवावी, स्वतःसाठी. परत येताना आणखी एक चक्कर मारावीशी वाटली, तर त्या गाडीत काहीतरी आहे.

एवढे आपण पाहावे आणि मग आपल्या मिस्त्रीला दाखवावी. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. ओळखीवर फुकट नेलेला माणूस घाईने ‘ठीक आहे’ म्हणतो. टायमिंग बेल्ट असलेले इंजिन असेल तर तो कधी बदलला ते त्याच्याकडून तपासून घ्यावे, कारण तो तुटला तर इंजिनच उघडावे लागते. आणखी एक आजची गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी पूर्ण तयार केलेल्या नव्हत्या. म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि जोड पाहून घ्यावेत, आणि ॲव्हरेज थोडे कमी धरूनच हिशेब मांडावा.

कागदांच्या बाबतीत आपण पेणकर नशीबवान. एमएच-०६ चे परिवहन कार्यालय आपल्या गावातच. गाडी राज्याबाहेरची, विशेषतः उत्तरेकडून स्वस्तात आलेली असेल, तर तिकडचा ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई उरत नाही. नोंदणी-पुस्तकात बँकेचा बोजा असेल तर तो उतरविल्याचा दाखला आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. न भरलेले दंड परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबराने दिसतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसविली आहे का तेही पाहावे. हस्तांतराचे नमुने २९ आणि ३०. कायद्याने एकाच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावयाचे असते. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यास अर्ज द्यावा. विम्यातला नो-क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

आणि आपली जुनी गाडी विकणाऱ्या भगिनींनी तर नाव बदलल्याची खातरजमा केल्यावाचून झोपू नये. नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. गाडी चार हात फिरली तरी कागदावर तुमचे नाव असेल तर नोटीस तुमच्या दारी येते.

पैशांचा एक नियम सांगते. जवळ चार लाख असतील तर चार लाखांची गाडी पाहू नये. जुनी गाडी घरी आल्यावर पहिल्या वर्षात काहीतरी मागतेच. आम्ही सत्तर हजार रुपये आधीच बाजूला काढले आणि उरलेल्या तीन लाख तीस हजारांतच शोध घेतला. गरज पडली तर या सत्तर हजारांसाठी खालच्या प्रतीची गाडी घ्यावी; पण हे पैसे सीटकव्हरात घालवू नयेत.

शेवटी आमची पाचवी गाडी ठरली. २०१७ सालची फिगो, १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन, वरच्या प्रतीची म्हणून दोन एअरबॅगा आणि एबीएस असलेली, एकाच मालकाकडे राहिलेली, सगळी बिले फायलीत लावलेली. उजवे मागचे दार किंचित चेपलेले होते. विकणाऱ्यांनी ते रंगवून घेतले नव्हते, आणि मला तेच आवडले. इथे कच्ची मूर्ती समोर होती. मिस्त्रीने दोन तास पाहिली आणि दोन कामे सांगितली. टायर जुने होते, त्यांचे पैसे किमतीतून वजा करून घेतले. स्विफ्ट मिळाली असती तर सुटे भाग सोपे झाले असते, हे आम्ही सूनबाईंना स्पष्ट सांगितले. कंपनीची सेवा आता मोजक्याच ठिकाणी आहे, हेही सांगितले. तिने दोन्ही ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘काकू, मला ही खिंडीत चालवायची आहे.’ तिचा पैसा, तिची आई, तिची वाट, निर्णयही तिचाच.

सासऱ्यांनी सुचविले होते की नोंदणी मुलाच्या नावाने करू. त्या वेळी सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. त्या म्हणाल्या, ‘पैसे तिने साठवले, नाव तिचेच लागेल.’ मला वाटते, साऱ्या व्यवहारात हे वाक्य सर्वांत मोलाचे होते. त्यानंतर पावसाळ्यात एकदा रात्री साडेबाराला फोन आला आणि सूनबाई व तिचे यजमान निघाले. गाडी तीच चालवीत होती. आई आता बरी आहे. महामार्गाच्या त्या पट्ट्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दहा वर्षांहून अधिक रेंगाळले. तिथल्या खड्ड्यांतून रात्री पावसात गाडी नेणे काय असते हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. जिला रोज आवडीने चालविण्याची सवय असते तिचा हात अशा रात्री कापत नाही. हौसेचा हा उपयोग मी हौसेच्या बाजूने जरूर नोंदवीन. पण तो झाला नसता तरीही तिची हौस रास्तच होती.

जाता जाता एक विनंती. आपल्यांतल्या कितीतरीजणींचे लायसन्स कपाटात दागिन्यांच्या डब्यात पडून आहे. काढल्या दिवसापासून त्याला हवा लागलेली नाही. मंडळाने रविवारी सकाळी सहा ते आठ अशी सरावाची वेळ ठेवावी. ज्यांना चालविता येते त्यांनी शेजारी बसावे, ज्यांना भीती वाटते त्यांनी चाक धरावे. चप्पल पट्ट्याची असावी, पदर खोचलेला असावा आणि शेजारी बसणारीने ओरडू नये, एवढेच नियम. चालविल्याशिवाय कोणती गाडी आपल्या हातात खेळते हे कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय कोणी ‘रंग कोणता घेऊ?’ असे विचारले तर आपल्याला खरोखरच रंग सांगून गप्प बसावे लागेल.